गुंडात पाणी होतं का?

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतोच आपण, मग पत्र कशाला, असं बाबा म्हणतील. पण हे फोनवर सांगायला दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा गाडी जेवणावर, बाबांच्या गुडघ्यांवर आणि धानाच्या भावावर गेली. म्हणून आज वही घेऊन बसले. सावकाश वाचा. आई, तुझ्या डोळ्यांत थेंब टाकायची वेळ असेल तर आधी ते टाक.

मागच्या रविवारी मी तुम्हाला माझ्या नाटकाच्या तालमीचं चित्रीकरण पाठवलं होतं. तुम्ही मोबाइल तांब्याला टेकवून दोघांनी मिळून पाहिलंत, हे ऐकून किती बरं वाटलं. बाबांनी 'छान आहे' म्हटलं. मग आई, तू फोन घेतलास आणि नाटकातल्या पाण्याच्या भांड्याबद्दल, त्या गुंडाबद्दल, एवढंच विचारलंस, "तो गुंड भरेल होता का खाली होता वं?"

मी 'बघते' म्हणाले आणि फोन ठेवला. त्या रात्री मला झोप आली नाही. कारण मलाच माहीत नव्हतं.

नाटक दोन जावांचं आहे. घराची वाटणी व्हायची आहे, भांडी ओसरीवर मांडली आहेत, आणि धाकटी शेवटचं पाणी भरून आणते आहे. इथल्या, पुण्याच्या नाटकाच्या वर्गातल्या मैत्रिणीने लिहिलेली एकांकिका, मी पहिल्यांदाच एकटीने दिग्दर्शित करते आहे. मी अकरा दिवस फक्त प्रकाशावर घालवले होते. ओसरीवर संध्याकाळचं ऊन कसं पडेल, ते मोठीच्या पाठीवर कधी येईल, वाटणीच्या वेळी ते कसं विझत जाईल. धाकटी कुठून येते, किती पावलं चालते, कुठे वळते, सगळं खडूने आखलं होतं. आणि तिच्या डोक्यावर जो गुंड होता तो दुकानातून आणलेला पातळ पत्र्याचा, आत काही नाही. पहिल्या प्रवेशात तो भरलेला असायला हवा आणि शेवटच्या प्रवेशात रिकामा. ती दोन्ही वेळा सारखीच चालत होती. मी ते शंभर वेळा पाहिलं असेल. तू एकदा पाहिलंस, तेही हाताएवढ्या पडद्यावर, मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी तालमीला जाताना बोहरी आळीतून एक जुना पितळी गुंड भाड्याने आणला आणि गळ्यापर्यंत पाणी भरलं. धाकटीचं काम करणारी मुलगी पुण्यात वाढलेली, डोक्यावर पाणी कधी घेतलेलं नाही. चुंबळ कशी करायची तेही मीच दाखवलं, तुझ्या जुन्या लुगड्याच्या पट्टीची करायचीस तशी. पहिल्या दिवशी तिची मान दुखली, पाणी सांडलं, दिव्यांची वायर ओढून बाजूला घ्यावी लागली. एका मित्राने विचारलं, नुसत्या अभिनयाने होणार नाही का हे? होईलही एखाद्या मोठ्या नटीला. आम्हाला होत नव्हतं एवढं खरं.

तिसऱ्या दिवशी जे झालं ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

एक वाक्य आहे, धाकटी मोठीला म्हणते, "बाई, तुमच्या मनासारखं होऊ द्या." मी तिला सांगितलं होतं, इथे थांब, मान वळव, तिच्याकडे बघ आणि मग बोल. डोक्यावर भरलेला गुंड असताना मान वळवता येत नाही. वळवली की पाणी हिंदकळतं. ती थांबली. मान ताठ, एक हात गुंडाला, आणि नुसते डोळे मोठीकडे नेले. वाक्य एका श्वासात होईना म्हणून 'बाई' नंतर आपोआप थांबा आला. जड ओझ्याखाली माणूस जसा कमी आवाजात बोलतो तसं ती बोलली. तालमीच्या खोलीत कुणी हललं नाही. मी आखलेल्या त्या वळण्यात एवढा राग, एवढी लाचारी आणि एवढा मान एकदम कधीच आला नव्हता.

आणि आवाज! भरलेला गुंड ओट्यावर ठेवला की बद्द वाजतो. रिकामा ठेवला की ठण्ण होतो आणि ते वाजणं बराच वेळ हवेत राहतं. शेवटच्या प्रवेशात मोठीच्या वाट्याला तो गुंड येतो तेव्हा मी तिथे बासरी घातली होती. काढून टाकली. आता ती गुंड ठेवते, तो वाजतो, वाजून थांबतो, आणि मग दिवा जातो.

आम्हाला इथे वर्गात नाट्यदिग्दर्शक हबीब तनवीर यांच्याबद्दल शिकवलं. लंडनच्या 'राडा' या नाट्यशाळेत शिक्षण घेऊन ते परतले आणि १९५८ साली 'मृच्छकटिक'च्या हिंदी प्रयोगात त्यांनी छत्तीसगडचे सहा लोककलावंत घेतले. आपल्या गडचिरोलीला लागूनच तो मुलूख, तिथल्या 'नाचा' या लोकनाट्याच्या मंडळींपैकी. पण कितीतरी वर्षं त्यांचं या नटांशी जमेना. इथून ये, तिथे उभा राहा, या बाजूला वळ, असं सांगितलं की ती गावात लोकांना हसवून रडवणारी माणसं रंगमंचावर लाकडासारखी व्हायची. मग त्यांच्या लक्षात आलं, चूक नटांची नाही. ही माणसं तिन्ही बाजूंनी लोक बसलेले असताना खेळणारी, जिकडून दाद येईल तिकडे वळणारी. त्यांना खडूच्या रेघेवर चालवणं आणि परक्या हिंदीत बोलायला लावणं, हेच चुकत होतं. त्यांनी दोन्ही सोडलं, नटांना छत्तीसगडीत बोलू दिलं. तिथून पुढे 'चरणदास चोर' झालं, १९७५ साली, आणि १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात ते नावाजलं गेलं. परीक्षेत मी याच्यावर चार पानं लिहिली होती. आणि तालमीत हातात खडू घेऊन उभी होते.

बाबा, आता तुमच्याशी बोलायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी घरी आले होते. मंडईच्या जत्रेच्या दिवशी शेजारच्या गावात नाटक होतं, आपल्या झाडीपट्टीतल्या वडस्याचीच नाटक कंपनी. तुम्ही हौसेने तिकिटं काढून ठेवली होती. मी आले, पण रात्रभर नाक मुरडत बसले. मध्येच लावणी कशाला, खलनायक एवढा ओरडतो कशाला, दहाला सुरू झालेलं नाटक पहाटे पाचपर्यंत कशाला. सकाळी चहा पिताना मी तुम्हाला पडदा म्हणजे काय ते शिकवत होते. १९७२ साली पुण्यात 'घाशीराम कोतवाल' आलं, त्यात ब्राह्मणांची रांगच पडदा होते, पाठ फिरवली की भिंत होते, हे मी तुम्हाला सांगत होते, जणू तुम्ही पडदा म्हणजे नुसतं रंगवलेलं कापड समजत होतात. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. "वा, हे भारी आहे," म्हणालात आणि बैलांना पाणी दाखवायला गेलात. आई तेव्हा काही बोलली नाही, पण तिने माझ्या ताटात दुसरी पोळी वाढली नाही, हे माझ्या लक्षात राहिलं आहे.

बाबा, त्या बोलण्याची मला लाज वाटते. मी तुमची माफी मागते. नाटक चांगलं होतं की वाईट हा प्रश्नच वेगळा. मला अजूनही वाटतं की त्यातली दोन गाणी जास्त होती. पण मी तुमच्याशी अशी बोलले की जणू तुम्हाला नाटकातलं काही कळत नाही. अठरा हंगाम प्रॉम्प्टिंग केलेल्या माणसाशी.

लहानपणी मला वाटायचं, तुम्ही नाटकात काहीच करत नाही. बाकीच्या मुलींचे बाबा राजा व्हायचे, इन्स्पेक्टर व्हायचे. तुम्ही रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात, अंगावर घोंगडं घेऊन, मांडीवर संहिता आणि तिच्यावर कापडाने झाकलेला कंदील. वरून तुम्ही कुणालाच दिसायचा नाहीत. आई मला सतरंजीवर झोपवायची आणि मी मध्येच जागी झाले की आधी त्या खड्ड्यातला पिवळा उजेड शोधायचे. तो दिसला की पुन्हा झोपायचे. नाटक कुठलं होतं ते आठवत नाही, उजेड आठवतो.

एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, सगळी वाक्यं तुम्ही आधीच म्हणता का? तुम्ही म्हणालात, नाही, फक्त पहिला शब्द, आणि तोही त्याचा श्वास संपायच्या आत. उशीर झाला तर नट पडतो, घाई केली तर तो आपलं ऐकत बसतो आणि समोरच्याचं ऐकत नाही. मग मी विचारलं, तो विसरला हे कसं कळतं? तुमचं उत्तर मला जसंच्या तसं पाठ आहे. "शब्द लगेच द्याचा नाही. आधी डोळे पाहाचे. विसरलेल्याचे डोळे फिरत राहतात. थांबलेल्याचे डोळे एका जागी असतात."

काल रंगीत तालीम झाली. मी मागे दिव्यांच्या टेबलाशी, कानावर हेडफोन, हातात घड्याळ. वाटणीच्या प्रवेशात मोठीचं काम करणारी मुलगी एका वाक्याआधी थांबली. तिथे दोन-तीन सेकंदांचा थांबा ठरला होता. चार झाले, पाच झाले, सात झाले. विंगेतला मुलगा माझ्याकडे बघू लागला. दिवे सांभाळणारा कुजबुजला, "विसरली, पुढचा क्यू देऊ का?" माझ्या तोंडात तिचं वाक्य आलं होतं, मी इतकी पुढे झुकले होते की टेबलावरचा चहा सांडला. आणि मी तिचे डोळे पाहिले. ते गुंडावर होते. एका जागी.

मी म्हटलं, थांब.

किती वेळ गेला मला नीट सांगता येणार नाही. मग तिने पदराने गुंडाची कड पुसली, जे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि वाक्य म्हटलं. बाबा, मी तिथे तुमच्या खड्ड्यात बसले होते. दिग्दर्शन म्हणजे लोकांना हलवणं, असं समजून मी इथे आले होते. गेल्या दोन आठवड्यांत मी जे काही बरं केलं, ते बघून केलं आणि थांबून केलं.

नाटक बघायला गेले तरी आता माझं तसंच होतं. पूर्वी बालगंधर्वला किंवा सुदर्शनला गेले की मी वहीत नेपथ्य काढायचे, दिव्यांची संख्या मोजायचे. आता कडेची खुर्ची घेते आणि थोडा वेळ लोकांकडे बघते. कुठे खोकला सुरू होतो, कुठे मोबाइल उजळतो, कुठे एखादी बाई शेजारणीच्या हाताला हात लावते. आपल्याकडे हे शोधावंच लागत नाही. आवडलं तर शिट्टी, नाही आवडलं तर बायका उठून चहा-भज्याच्या दुकानाकडे, आणि फारच आवडलं तर बक्षिसाचं नाव माइकवरून. शंकरपटाला, बैलांच्या शर्यतीला आलेले पाहुणे, थंडीने कुडकुडणारी पोरं, बाजूला कुणाच्या तरी सोयरिकीची बोलणी, आणि या सगळ्यातून नटाने त्यांना पहाटेपर्यंत धरून ठेवायचं. पुण्यातल्या अंधाऱ्या, शांत सभागृहात पन्नास मिनिटं धरून ठेवणं त्यापुढे सोपं आहे. मला ही शांतताही आवडते, खोटं का बोलू. इथे कुजबूज शेवटच्या रांगेपर्यंत पोचते, आणि पितळेचा आवाज विरून जाईपर्यंत ऐकू येतो. गावात तो ऐकू आला नसता. पण आपल्या गावातले नट पुण्याच्या नटांपेक्षा कमी जाणतात, असं मी पुन्हा कधी म्हणणार नाही. आपल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा तुम्ही फोनवर रडलात. त्या दिवशी मी नुसतं 'अभिनंदन' म्हणाले होते. आज मला कळतं तुम्ही का रडलात.

प्रयोग पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी सात वाजता आहे. तुम्ही दोघांनी यावं अशी माझी फार इच्छा आहे. वडस्याहून गोंदियाला या, तिथून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट पुण्याला येते, गाडी बदलायला नको. खालचे दोन्ही बर्थ मिळतील असं मी बघते. बाबा, गुडघ्यांचं मी विचारून ठेवलं आहे, सभागृहाला फक्त चार पायऱ्या आहेत आणि बाजूला कठडा आहे. नाटक पन्नास मिनिटांचं आहे, 'एवढ्यासाठी एवढं लांब' असं म्हणू नका. तुमची खुर्ची मी पहिल्या रांगेत डाव्या टोकाला ठेवली आहे, तिथून मोठीचे डोळे दिसतात. आई, तू कुठेही बस, पण नंतर मला जे खटकलं ते सगळं सांग. मैत्रिणींसमोर सांगितलंस तरी चालेल.

आणखी एक. भाड्याचा गुंड बरा आहे, पण त्याचा काठ कुणीतरी ठोकून नीट केला आहे, म्हणून तो ठेवताना जरा फाटका वाजतो. आजीचा गुंड अजून माळ्यावर आहे ना? चिंच लावून घासून ठेव आणि साडीत गुंडाळून घेऊन ये. बाबांना उचलायला देऊ नको, स्टेशनवर मी येते.

तुमची लेक