आमची ओकारी तुमच्या कुठल्या खात्यात येते?

मा. मंत्रिमहोदय, बेंगळूरु यांस,

स. न. वि. वि.

गेल्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी बेळगावात एका साहेबांनी केमोच्या उलट्यांवरच्या एका गोळीसाठीचा माझा अर्ज हातात घेतला आणि "पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळेल" म्हणाले. उत्तर परवा आलं. कन्नडमध्ये दोन ओळी. शेजारच्या पोराकडून वाचून घेतल्या : विषय आमच्या खात्याचा नाही, अर्ज निकाली काढला आहे. मी निकाली निघायच्या आत अर्ज निघाला, तेवढंच समाधान.

मी निपाणीकडचा. उभी हयात तंबाखूच्या वखारीत गेली, आता घसा गेलाय. केमोचे चार डोस झाले. उलटीच्या गोळ्या झाल्या, सुया झाल्या. डॉक्टर भला माणूस, पण माझ्या पोटाला त्याचं काही पटत नाही. डोसनंतर चार दिवस घोटभर पाणीसुद्धा राहत नाही. बायको फोडणी आता परड्यातल्या चुलीवर देते, मधलं दार लावून. तरी वास येतोच. कोल्हापूरहून परतताना येष्टीत मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी धरून बसायचं, आणि नेमका तेव्हाच कंडक्टर सुट्टे मागणार. 67 किलोचा होतो, 49 वर आलोय. नातवाला मी उचलायचो. आता तो मला हाताला धरून उठवतो.

अर्जात मी चिलीम मागितली नव्हती, साहेब. गांजात जे टीएचसी नावाचं नशेचं द्रव्य असतं तेच कारखान्यात बनवून त्याची ड्रोनाबिनॉल नावाची गोळी करतात. बाकीची औषधं हरली की केमोच्या उलट्यांवर देतात. कॅन्सर बरा होत नाही त्यानं, मलाही कळतं. चक्कर येते, गुंगी येते, म्हणून तर डॉक्टरच्या हातून द्या म्हणतोय. अमेरिकेनं ती 1985 साली मंजूर केली. आपण 1985 साली काय केलं? एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरचा कायदा! बरं, त्या कायद्यातही औषधासाठी वाट ठेवलीय, आणि कलम 10 नं गांजाबाबत नियम करायचा अधिकार राज्याला दिलाय. 2020 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांत गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढायला भारतानं मत दिलं. 2022 ला तुमच्याच हायकोर्टानं एका जामिनाच्या प्रकरणात भांग म्हणजे गांजा नव्हे असं सांगितलं. आणि आमचा मेडिकलवाला? त्याला नुसतं विचारलं तर आधी माझ्या पाठीमागं पोलीस आहे का बघतो.

ज्या तंबाखूच्या पानानं माझा घसा खाल्ला, ते मात्र शिवारभर उघड्यावर डोलतंय. त्याला परवाना, त्यावर कर, त्याचे व्यापारी तुमच्या व्यासपीठावर. 1981 साली त्याच्या भावासाठी शेतकरी निपाणीत रस्त्यावर बसले, तेव्हा सरकारनं गोळ्या दिल्या. त्या मागाव्या लागल्या नव्हत्या. ही एक मागतोय तर खातं सापडत नाही.

आणि आम्ही जायचं तरी कुठं? महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांना आरोग्य योजना देऊ केली, तर तुमचा स्वाभिमान दुखावला. स्वतः द्यायचं नाही, दुसरा देतो तर हात धरायचा. बेळगावात विधिमंडळासाठी सुवर्णसौध बांधलंत, म्हणे चारशे की पाचशे कोटींचं. नक्की आकडा तुमच्याकडं असेलच. वर्षातून दहा-बारा दिवस तिथं दिवे लागतात. त्या दिवसांत आमच्या भाषेवर, पाट्यांवर तासन्‌तास बोलता. ओकणारा माणूस मराठीत ओकतो की कन्नडमध्ये, हेही एकदा सभागृहात ठरवून टाका.

पाचवा डोस येत्या सोमवारी आहे. उत्तर कन्नडमध्ये आलं तरी चालेल. शेजारचा पोरगा महिनाअखेरपर्यंत सुट्टीवर आहे, तोवर पाठवा.

आपला,
निपाणी तालुक्यातला एक पेशंट