जादूला कोट लागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पानावर एका आईंचं पत्र आलं होतं. मुलगा अकरा वर्षांचा, जादू शिकतोय, वस्तू गायब करायचं एक साधन घरी आणलंय पण सोबतच्या कागदावर लिहिलंय की कोट घालून करा, आणि हा पोरगा चोवीस तास टी-शर्ट नि जीन्समध्ये, तर आता काय करायचं, असा त्यांचा साधा प्रश्न. त्याला एका वाचकाने उत्तर दिलं की कोटाशिवाय वस्तू गायब होतच नाही, टी-शर्टवर जे करतात त्यांची एकतर कॅमेऱ्याची करामत असते नाहीतर समोरची माणसं आधीच ठरवलेली असतात, तेव्हा सरळ कोट शिवून घ्या. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. बावीस वर्षं हौस म्हणून हे करतोय, त्यातली शेवटची पंधरा तरी कोट न घालता, आणि समोरचं एकही माणूस आधी ठरवलेलं नव्हतं, म्हणून लिहितोय.

आधी कोटाचंच बोलू. लोकांना वाटतं कोट हा जादूगाराचा गणवेश, पण तो मुळात तसा नव्हताच. 1845 साली पॅरिसमध्ये रोबेर-उदँ या फ्रेंच जादूगारांनी स्वतःचं थिएटर सुरू केलं तोपर्यंत बरेच जादूगार लांब झगे घालायचे, टेबलांवर जमिनीपर्यंत लोंबणारे पडदे, आणि बघणाऱ्याला उघड दिसायचं की इथे काहीही लपू शकतं. या माणसाने ते पडदे काढले आणि संध्याकाळी समोर बसलेले लोक जो कोट घालून यायचे तोच घातला. म्हणजे तो कोट त्या काळातला टी-शर्टच म्हणा ना, प्रेक्षकांसारखं दिसायचं एवढाच मुद्दा. पुढे त्या कोटात खिसे शिवले, आतून इलास्टिक आलं, बाहीतून दोऱ्या आल्या, आणि शे-दीडशे वर्षांत बरीचशी साधनं कोट धरूनच तयार झाली. प्रेक्षकांनी कोट सोडला तरी कागदावरच्या सूचना मात्र कोटातच राहिल्या. 1997 मध्ये डेव्हिड ब्लेन हा अमेरिकी जादूगार टीव्हीवर टी-शर्ट घालून रस्त्यावरच्या माणसांना जादू दाखवायला लागला तेव्हा बऱ्याच जणांना ते एकदम नवीन वाटलं, मला विचाराल तर तो रोबेर-उदँचीच जुनी वाट परत चालत होता.

एक मान्य करतो, सगळं टी-शर्टवर होत नाही. पक्ष्यासकट पिंजरा गायब करायचा जुना प्रयोग आहे, कार्ल हर्ट्झ नावाचा जादूगार तो करायचा आणि त्यात पक्षी मरतो असा आरोप झाला म्हणून 1921 मध्ये त्याने ब्रिटनच्या पार्लमेंटच्या समितीसमोर पिंजरा गायब करून नंतर पक्षी जिवंत दाखवला. असला प्रयोग कोटाचाच. पण अकरा वर्षांच्या मुलाला पिंजरा नाही, रुमाल नाहीतर नाणं गायब करायचंय.

आता मी गुपितं फोडतोय असं कोणी म्हणू नये. कोणता प्रयोग कशाने होतो ते मी सांगणार नाही, हे साधन असतं एवढं तर त्या बाईंच्या घरात पोचलेलंच आहे, आणि शिकणाऱ्याला बरोबर सांगणं ही आमच्यातली जुनी रीतच आहे.

आमच्याकडे ज्याला पुल (इंग्रजीतलं, ओढणारं या अर्थी) म्हणतात ते साधन म्हणजे इलास्टिकच्या टोकाला एक छोटी डबी, दुसरं टोक कपड्याला आत अडकवलेलं, हातातली वस्तू डबीत गेली की हात सैल सोडायचा आणि डबी कपड्याच्या आत निघून जाते. कोटात ती पुढून उघड्या जागेतून छातीच्या बाजूला आत जाते, म्हणून हात छातीशी धरला तरी चालतं. टी-शर्टला पुढून उघडी जागाच नाही, फक्त खालचा काठ आहे, आणि सगळी गफलत इथे होते, कारण मुलं कागदावर लिहिल्याप्रमाणे हात छातीशी धरतात आणि डबीला जायला रस्ताच नसतो. टी-शर्टवर हे काम कमरेच्या उंचीवर करायचं. उजव्या हाताने करणार असाल तर इलास्टिकचं टोक डाव्या बाजूला मागच्या बेल्टच्या लूपला बांधायचं, मग पाठीमागून एकेक लूपमधून ओवत उजव्या कुशीपर्यंत आणायचं, शेवटच्या लूपला डबी येऊन अडते आणि तिथेच थांबते. टी-शर्ट बाहेर सोडलेला, बेल्टच्या खाली निदान चार बोटं. इलास्टिक टी-शर्टला कधीच लावू नका, ताण आला की कापड ओढलं जातं आणि पाठीवर सुरकुती पडते, ती मागे उभ्या माणसाला दिसते.

हा शेवटचा लूप किती महत्त्वाचा ते मी एकदा भोगलंय. एका घरगुती कार्यक्रमाला घाईत तयार झालो, इलास्टिक ओवताना तो एक लूप चुकून सुटला, आणि रुमाल गायब केल्यावर डबी कुशीत न थांबता टी-शर्टच्या काठाखाली इंचभर बाहेर आली, लाल रुमालाचं टोक लोंबतंय. मोठे सगळे माझ्या हाताकडे बघत होते, त्यांना काहीच कळलं नाही. पण अगदी पुढे जमिनीवर बसलेली सात-आठ वर्षांची मुलगी हळूच म्हणाली, "दादा, ते इथे आलंय." ती चिडवत नव्हती, उलट माझी काहीतरी वस्तू पडतेय म्हणून काळजीने सांगत होती. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तिला जे दिसायला हवं होतं ते मी तिला दिलं नाही, हे डोक्यातून जाईना.

त्यातून एक गोष्ट कळली जी मला तोवर कोणी सांगितली नव्हती. कोटवाला जादूगार स्टेजवर लांब असतो, टी-शर्टवाला लोकांच्या मधोमध असतो, आणि जमिनीवर बसलेल्या मुलांचे डोळे बरोबर तुमच्या कमरेच्या रेषेत येतात, ते काठाखालून वर बघतात. म्हणून आरशासमोर उभं राहून केलेला सराव अर्धाच. मी तेव्हापासून आरसा जमिनीवर टेकवतो, नाहीतर फोन खाली पायांजवळ ठेवून रेकॉर्ड करतो आणि मग बघतो. मुलं पुढे बसलेली असतील तर ज्या बाजूला डबी आहे ती बाजू किंचित मागे वळवून उभा राहतो. एवढ्यावर बरंच निभावतं.

कापडाचंही सांगतो. पातळ पांढरा टी-शर्ट सगळ्यात वाईट, आत गोळी ठेवली तरी उमटते. गडद रंग बरा, त्याहून मोठं चित्र किंवा चौकडी असलेलं कापड बरं, कारण नजर डिझाइनवर फिरते आणि आतला उंचवटा कळत नाही. फार ढगळही नको, ढगळ कपडा बघितला की लोकांना आपोआप संशय येतो. आणि माझ्या मते सगळ्यात उत्तम म्हणजे टी-शर्टवर बटणं न लावलेला साधा शर्ट. त्याचे दोन पदर कोटासारखेच पुढून उघडे असतात, आणि कोणाला खटकतही नाही. फक्त शर्ट हलका असतो, तो उडतो, म्हणून आतल्या बाजूने खालच्या शिवणीत एखादं छोटं वजन घालून शिवून टाकायचं, मग पदर जागेवर राहतो. आत कापडी पिशवी लावायची असेल तर ती शर्टला नाही, आतल्या घट्ट बनियनला लावा, नाहीतर वस्तू आत पडली की शर्टाचा एक खांदा खाली येतो. हुडी घालणाऱ्यांना पोटावरचा खिसा आयताच मिळतो, पण हुडीची बाही मनगटाशी घट्ट असते तेव्हा बाहीवर अवलंबून असलेलं काहीही तिथे विसरा.

अर्ध्या बाहीचा मात्र एक मोठा फायदा आहे जो कोटवाल्याला कधीच मिळत नाही. कोटवाल्याला बाही वर करून दाखवावी लागते, तरी लोक म्हणतात बाहीत गेलं. टी-शर्टवाल्याचे हात कोपरापर्यंत उघडे, लोकांचा पहिला संशय तो तोंड उघडायच्या आधीच संपलेला असतो.

आवाज हा दुसरा शत्रू. धातूच्या बक्कलवर नाणं आपटलं की टक्क, संपलं सगळं. डबीला आतून मऊ कापड चिकटवा, बेल्ट बिनबक्कलचा घ्या नाहीतर बक्कल बाजूला सरकवा. आणि जीन्सच्या उजव्या खिशात वर जो छोटासा खिसा असतो ना, तो मुळात खिशातल्या घड्याळासाठी होता, आता कोणी वापरत नाही. तो आमच्यासाठी वरदान आहे, छोटी वस्तू तिथे तोंड वर करून उभी राहते, मोठ्या घट्ट खिशात ती आडवी होऊन चेपते आणि नको तेव्हा बोट अडकतं.

पण हे सगळं जमवलं तरी खरी अडचण वेगळीच आहे, हात खाली कमरेकडे का गेला याचं उत्तर प्रेक्षकाच्या मनात आधीपासून असायला हवं. हात उगाच खिशाकडे गेला की लोक लगेच तिकडे बघतात. म्हणून मी सुरुवातीपासून मागच्या खिशात एक मार्कर ठेवतो, कार्यक्रमात दोन-तीनदा तो खराच वापरतो, सही घेतो, परत ठेवतो. चौथ्या वेळेला हात तिथे गेला तर कोणी वळूनही बघत नाही. आणि वस्तू गेल्या क्षणी मूठ उघडायची नाही. डबी सुटली की लगेच हात उघडला तर लोक त्या दोन हालचाली जोडतात. थोडं थांबायचं, समोरच्याला नाव विचारायचं, मूठ तशीच धरायची आणि आपणसुद्धा मुठीकडेच बघायचं. हे बघणं फार मोठं काम करतं. 2006 मध्ये गुस्ताव कून आणि मायकल लँड या संशोधकांनी एक प्रयोग तपासला होता, जादूगार चेंडू दोनदा वर फेकतो आणि तिसऱ्यांदा नुसता हात हलवून वर बघतो, चेंडू हातातच असतो. तरी निम्म्याहून जास्त लोकांनी सांगितलं की चेंडू वर जाताना दिसला. जादूगाराने वर न बघता हाताकडे बघितलं तेव्हा फसणाऱ्यांची संख्या बरीच कमी झाली. मला ते वाचून खूप आनंद झाला होता, कारण साधनाच्या डबीपेक्षा आपली मान महत्त्वाची हे आम्ही अंदाजाने करत होतो ते कोणीतरी मोजून दाखवलं.

आता त्या वाचकांना, ज्यांनी टी-शर्टवाल्यांना खोटं ठरवलं. कॅमेऱ्याच्या करामती करणारे आहेत, मला त्यांचा रागही आहे, कारण त्यांच्यामुळे आमच्यासारख्यांचे कपडे लोक ओढायला लागलेत. गेल्या वर्षभरात माझा टी-शर्ट भर कार्यक्रमात दोनदा मागून वर उचलला गेलाय, एकदा चांगल्या शिकल्यासवरल्या गृहस्थांकडून. "पकडलं का" म्हणत हसत होते. तीन आठवडे रोज तासभर केलेली मेहनत तिथे संपते. मोठ्या माणसाचं एक ठीक, पण हेच कोणी अकरा वर्षांच्या मुलाला चारचौघांत केलं तर तो पोरगा परत उभा राहील का?

त्या आईंना सांगायचं ते इतकंच. कोटाचं माप द्यायला जाऊ नका. मुलाचा रोजचा गडद टी-शर्ट घ्या, जो तो असाही घालतो, आणि साधन त्या कपड्याला बसवा, कपडा साधनाला नाही. इलास्टिक घामाने सैल पडतं, चिरतं, ते दर दोन-तीन महिन्यांनी बदला, आणि ताणलेलं इलास्टिक कधी डोळ्यांच्या रेषेत धरू देऊ नका. साधनात छोटे ताकदवान चुंबक असतील तर ते घरातल्या लहान भावंडांपासून कुलपात ठेवा, हे मी फार मनापासून सांगतोय. असे दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना चिकटतात आणि आतडं फाटू शकतं, गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा. घरात कोणाला पेसमेकर असेल तर चुंबकाचं साधन आणूच नका, कापडाचं आणि इलास्टिकचं पुरेसं आहे.

आणि रोज दहा मिनिटं त्याच्यासमोर जमिनीवर बसून बघा, खुर्चीवर नको. काठाखाली काही दिसलं तर तिथल्या तिथे "दिसलं" एवढंच म्हणा, कुठे दिसलं ते त्याला शोधू द्या. त्याचा पहिला रुमाल नीट गायब झाला की तुमच्या पानावर दोन ओळी नक्की लिहा, मी वाट बघतोय.

आपला,
एक नियमित वाचक