दाखला मिळाला, सर्वेश

केरी, सत्तरी, गोवा

चि. सर्वेश यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पोर्तुगीज पासपोर्टसाठी वाळपईला जाऊन माझा जन्मदाखला आणला. सगळा मजकूर पोर्तुगीज. साल १९५७ बरोबर आहे. आजोबांचं शंकर हे नाव मात्र 'शेंकोरा' करून ठेवलंय, तेसुद्धा एक्स अक्षराने सुरू करून. आजोबांना कळलं असतं तर त्या कारकुनाची धडगत नव्हती. वकील म्हणाले, आधी बापाची नोंद लिस्बनला, मग मुलाची. म्हणजे तुला तिकडचा व्हायचं तर आधी मी व्हायला हवं! असो. जिथे जिथे सही सांगितली तिथे केली आहे. कागद स्पीड पोस्टाने पाठवतोय, पोचले की कळव.

परवा फोनवर मी आवाज चढवला असं तुझी आई म्हणते. जाऊ नकोस असं मी म्हटलेलं नाही, आताही म्हणत नाही. खाणी बंद झाल्यावर गण्याच्या ट्रकाच्या चाकांत गवत उगवलेलं मी रोज बघत होतो. इथे पोरांनी कशावर जगावं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पोर्तुगालला तुझ्या ओळखीचे चारजण आहेत, राहायची सोय आहे, सगळं कळलं. फक्त कायदा समजून घे एवढंच म्हणत होतो. आपल्या देशात दोन पासपोर्ट चालत नाहीत. त्यांचा घेतलास की इथला परत करायचा. मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांचं. त्यावर यावं, राहावं, पण मत नाही, आणि शेतजमीन-बागायत विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. म्हणजे आपलं कुळागर, ही पोफळींची बाग, आहे तोवर आहे. एकदा एखाद्या दिल्लीवाल्याच्या घशात गेलं की तू युरोंची पिशवी घेऊन आलास तरी ते तुझं व्हायचं नाही. आपल्याकडे विकायला नवरा-बायको दोघांची सही लागते आणि तुझी आई काही करायची नाही. पण आमच्या मागे?

हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. मास्तरकी सुटत नाही, माफ कर.

पोर्तुगिजांचं सगळंच वाईट, असं मी वर्गात कधी शिकवलं नाही. दीपाजी राण्यांनी १८५२ मध्ये पोर्तुगिजांविरुद्ध बंड करून नाणूसचा किल्ला घेतला ते सांगायचो, आणि काजू याच लोकांनी आणला हेही सांगायचो. तो डोंगरावरचा काजू नसता तर तुझ्या डिप्लोमाची फी कुठून आली असती? दगडी कुंडात, म्हणजे आपल्या कोळंबीत, काजूचे बोंडू तुडवताना तुझे पाय चिकट व्हायचे आणि तू ते मुद्दाम ताईच्या फ्रॉकला पुसायचास. मला स्वतःला शाळा मिळाली ती मात्र गोवा मुक्तीनंतर, मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात. देवळाच्या मंडपात भरायची, पाऊस आला की सगळे गाभाऱ्याकडे सरकायचो. आजोबांना वाचता येत नव्हतं. माझी पाटी ते उलटी धरून बघत बसायचे आणि 'बरं लिहिलंय' म्हणायचे.

तुझे पुण्याचे मित्र आले होते ना, ते कळंगुटला राहून परत गेले. केरीपर्यंत तू त्यांना आणलं नाहीस. इथे बघायला काय आहे, असं तू म्हणालास म्हणे. तिकडे गोव्याचा म्हटलं की लोक समुद्राचंच विचारतील. त्यांना सांग, आमच्या गावात समुद्र नाही, वाघेरीचा डोंगर आहे. वाळवंटी नदी साखळी गावावरून खाली जाऊन मांडवीला मिळते. पणजीला कॅसिनोच्या बोटी ज्या पाण्यावर दिवे लावून उभ्या असतात, त्यात आपल्या डोंगराचंही पाणी असतं. ते पाणी आधी आपल्या पोफळींना मिळतं, मग त्यांना. हे सांगताना लाजू नकोस.

आणि माटोळीचं सांग, गणपतीच्या वर रानफळांचा मांडव बांधतो त्याचं. नाही, ते तुला सांगून जमणार नाही, दाखवावं लागतं. तू सातेक वर्षांचा असशील, वाघेरीच्या पायथ्याला कवंडळं शोधायला तुला नेलं होतं. पोटऱ्यांना जळवा लागलेल्या, आणि तू रडायचं सोडून कुणाला जास्त लागल्या ते मोजत होतास. लालभडक कवंडळ तुलाच पहिल्यांदा दिसलं. ते गणपतीच्या बरोब्बर वर बांधायचं म्हणून हटून बसलास. कांगण्या, सुपारीची शिपटी, नारळाची पेंड सगळं बाजूला सारून मी तिथे बांधलं. आरतीच्या मध्यावर ते सुटलं आणि थेट बुवांच्या पेटीवर आदळलं. बुवा सूर चुकले नाहीत, पण आजी हसून हसून खाली बसली. आजीची ती शेवटची चवथ.

आता माटोळीचं सामान साखळीच्या बाजारात विकत मिळतं. गेल्या वर्षी मीही थोडं विकतच आणलं, गुडघे डोंगर चढू देत नाहीत. बाप्पाकाकांची मुलं मुंबईत, ती दीड दिवसासाठी येतात. तू आलास की आम्हाला डोंगर चढणारा माणूस मिळतो. नाही आलास तरी चवथ व्हायची ती होईल, तू त्याचं ओझं घेऊ नकोस. तिकडे सप्टेंबरात रजा मिळत नसेल तर नसेल.

लग्नाचं मी काढत नाही, ते खातं आईकडे. फक्त मुलगी कुठलीही असो, तिला सोलकढी तिखट करू दे, तुझ्यासारखी पाणचट नको.

तिकडे गेलास की जेवणाचं नीट बघ. एकट्याने राहणारे लोक पावावर दिवस काढतात आणि मग पोटं बिघडवतात. हेही फोनवर सांगून झालंय, मला माहीत आहे. पण नोकरी लागल्यावर पहिल्याच पगारातून तू आईला प्रेशर कुकर आणलास, तेव्हा मी काही बोललो नव्हतो, ते आता बोलतो. मला बरं वाटलं होतं.

कागदांचं काम व्हायला वेळ लागेल असं वकील म्हणाले. म्हणजे यंदा तू पुण्यातच. चवथ १४ सप्टेंबरला आहे, सोमवारी. चोर्ल्याच्या घाटातून येणारी रात्रीची बस आपल्याकडे पहाटे पोचते, तिचं बुकिंग लवकर भरतं. हे नुसतं माहितीसाठी.

तुझा,
बाबा