मारबतीच्या रात्रीचं खोकं

हॅम्बुर्ग
रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

आज महालक्ष्म्या यायच्या, त्यामुळे आईला फोनवर बोलायला सवड नसणार. म्हणून हे पत्र. आई, आंबिलीचा फोटो पाठवू नकोस, उगाच जीव जळतो.

बाबा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या रात्री तुम्हाला साडेबारापर्यंत अभ्यासिकेत बसवून ठेवलं, त्याबद्दल आईची बोलणी खाऊन झाली आहेत. पण कुलूप लावताना तुम्ही विचारलंत, "चालत्या खोक्याला हात काऊन लावला बाप्पा?" तेव्हा मी नुसतं हसलो होतो. ते उत्तर आज देऊन राहिलो.

ते खोकं, म्हणजे अभ्यासिकेचं सगळं नेट ज्यातून जातं तो कॉम्प्युटर, मी २०१५ साली बसवलं. त्यावर डेबियन ८ (मशीन चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीची आठवी आवृत्ती) आणि स्क्विड ३.४ हा प्रोग्राम. तुमची नोकरी पोस्टात गेली म्हणून तुमच्याच शब्दांत सांगतो: स्क्विड म्हणजे पाकिटावरचं 'द्वारा'. अभ्यासिकेत पोरं चाळीस, पण सगळ्यांची मागणी एकाच्या हातून बाहेर जाते आणि उत्तरही त्याच्याच हाती येतं. तेव्हा त्याचा मोठा फायदा म्हणजे, एकाने उघडलेली प्रश्नपत्रिका ते आपल्याजवळ ठेवून घ्यायचं आणि दुसऱ्याने मागितली की तिथूनच द्यायचं. नेट एकदाच खर्ची पडायचं. आता जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर गेल्या, म्हणजे पाकीट सीलबंद. स्क्विडला पत्ता दिसतो, आतला मजकूर नाही. मग साठवणार काय? तरी मी ते काढलं नाही, कारण प्रत्येकाचा पासवर्ड आणि अभ्यासाच्या वेळी व्हिडिओ बंद हे काम तेच करतं. (पोरं मोबाइलवर पाहतातच. मीही पाहिलं असतं.)

तर हात का लावला? डेबियन ८ च्या सुरक्षा-दुरुस्तीची वाढीव मुदतसुद्धा जून २०२० मध्ये संपली. त्यानंतर त्यात जे भोक सापडेल ते तसंच उघडं राहणार. पाच वर्षं मी 'चालू आहे ना' म्हणत ढकललं, आणि त्यामुळे एका पायरीचं काम चार पायऱ्यांचं झालं. डेबियनमध्ये आठवरून थेट बारावर उडी नाही; नऊ, दहा, अकरा, बारा असं एकेक चढावं लागतं. मारबतीला मिरवणुकीच्या गर्दीमुळे अभ्यासिका बंद असते, म्हणून तो दिवस धरला.

तुमचे नऊ वाजले, माझे साडेपाच, तेव्हा सुरू केलं. नववी पायरी चढलो आणि स्क्विड उठेना. त्याच्या फोल्डरचं नाव 'स्क्विड३' होतं, ते नव्यात नुसतं 'स्क्विड' झालं, आणि आपल्या सेटिंगच्या फाइलीत पासवर्ड तपासणाऱ्या प्रोग्रामचा पत्ता जुनाच. घर बदललेल्या माणसाची टपाल परत यावी तसं. पण 'स्क्विड डॅश के पार्स' असं टाकलं की ते चुकीची ओळ बोट ठेवून दाखवतं. पाच मिनिटांत निपटलं.

दहाव्या पायरीवर मशीन रीबूट केलं आणि खोकं गेलंच. इकडून कितीही हाका मारा, उत्तर नाही. तेव्हाच तुम्हाला फोन केला.

झालं असं की जुन्या लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाचं नाव 'इथ झिरो' असायचं. जुनं नाव धरून ठेवणारा जो नियम होता, त्याची हमी डेबियन १० ने काढून घेतली. मशीन उठलं ते कार्डाला नवं नाव देऊन, आणि फाइलीत नाव जुनं. त्यामुळे कार्ड असून नेट नाही. खरं सांगतो बाबा, डेबियनच्या सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी वाचलं होतं. 'आपल्या खोक्याला काय होते' म्हणून पुढे गेलो.

मॉनिटरवरची धूळ धोतराने पुसून तुम्ही एकेक अक्षर वाचत होता: "ई, एन, पी, तीन, एस... हा शून्य का ओ?" ते मी विसरणार नाही. तिकिटावरचा पुसट शिक्का वाचायची सवय कामी आली. ते नवं नाव तुम्ही फाइलीत टाकलं, कंट्रोल ओ, एंटर, कंट्रोल एक्स करून जतन केलं, आणि खोकं परत दिसलं तेव्हा तुम्हीच ओरडलात, "ईडा, पीडा, इथ झिरो घेऊन जा गे मारबत!" माझा बाजूचा जर्मन शेजारी भिंत ठोकून राहिला होता.

पुढच्या दोन पायऱ्या बिनबोभाट गेल्या. आता डेबियन १२, स्क्विड ५.७.

एक गंमत. प्रत्येक पायरीला डेबियन विचारतं, तुमची जुनी फाइल ठेवू की आमची नवी टाकू? मी आपली ठेवत गेलो. शेवटी ती वरपासून वाचली तर मधेच माझीच टीप: 'बाबा म्हणाले म्हणून क्रिकेटची साइट बंद. जामठ्याची मॅच झाली की उघडणे.' म्हणजे मार्च २०१६, न्यूझीलंडने आपल्याला ७९ वर गुंडाळलं तो दिवस. नऊ वर्षं ती साइट बंदच! कुणी तक्रार केली नाही का? उघडली आहे. नको असेल तर सांगा.

कोण कुठल्या साइटवर गेलं त्या महिन्याच्या यादीत आता 'टीसीपी टनेल' असा शब्द जागोजागी दिसेल. घाबरू नका, सीलबंद पाकिटांना आता ते वेगळं नाव देतात, एवढंच.

आणि मॉनिटर, कीबोर्ड काढून आलमारीत ठेवू नका, जोडलेलेच राहू द्या. डेबियन १३ याच महिन्यात आलं आहे. ते मात्र दिवाळीत, मी स्वतः खोक्यासमोर बसून टाकणार. तर्री पोहे तुमच्याकडून.

तुमचा,
छोटू