अंकाराहून : भूकंप, मतदार यादी आणि 14 मेची तारीख

अंकारा,
रविवार, 18 जून 2023

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही फोनवर विचारलंत, "तुर्कीच्या भूकंपात पन्नास हजारांवर माणसं गेली आणि तीन महिन्यांत मतदान कसलं घेता?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा आणि विधानसभेचं मतदान 1995 च्या फेब्रुवारी-मार्चात. मध्ये जवळजवळ दीड वर्ष गेलं. इथं 6 फेब्रुवारीला पहाटे 4:17 ला 7.8 चा आणि त्याच दुपारी 7.5 चा धक्का बसला, आणि अध्यक्ष व संसदेचं मतदान 14 मेला. मोजून 97 दिवस. त्यामुळे तुमचं म्हणणं वरवर पाहता रास्तच वाटतं.

पण आजची तारीख बघा. मुदतीप्रमाणे इथलं मतदान आज, 18 जूनला, व्हायचं होतं. तुर्कीच्या राज्यघटनेचं 78 वं कलम सांगतं की निवडणूक पुढे ढकलता येते ती फक्त युद्धामुळे मतदान अशक्य झालं तर, तीही संसदेच्या ठरावाने आणि एका वेळी एकच वर्ष. त्यात भूकंपाचा उल्लेख नाही. राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्याच पक्षातले माजी सभापती ब्युलेंत आरिंच फेब्रुवारीत उघड म्हणाले की निवडणूक पुढे ढकलायलाच हवी. विरोधकांनी घटनेवर बोट ठेवलं. शेवटी भूकंपाआधी जाहीर केलेली 14 मे हीच तारीख 10 मार्चच्या निर्णयाने कायम झाली. म्हणजे घटना मोडायची नसेल तर निवड होती ती 14 मे आणि 18 जून यांत. पाच आठवड्यांचा फरक. पाच आठवड्यांत हाताय किंवा आद्यामान या भूकंपाच्या प्रांतांतली पडलेली घरं उभी राहत नाहीत.

खरं घोडं अडलं ते पत्त्याशी. इथं मतदार यादी वेगळी बनतच नाही. लोकसंख्या नोंदणीत तुमचा जो राहता पत्ता आहे, त्यावरून ती आपोआप निघते. एरवी ही सोय उत्तम. पण तीसेक लाख माणसं घर सोडून अंकारा, मेर्सिन, अंताल्या, कोन्या अशी पांगली, आणि नोंदीत मात्र सगळे त्याच पडलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. नव्या गावी मत द्यायचं तर 2 एप्रिलच्या आत पत्ता बदलायचा होता. ते काम ऑनलाइन किंवा नोंदणी कार्यालयात होतं, तासाभराचं. तरी बाहेरच्या प्रांतात नाव हलवलं ते फक्त 1 लाख 33 हजारांच्या आसपास मतदारांनी.

का हलवलं नाही? एक तर पत्ता बदलला तर घराच्या नुकसानभरपाईवरचा हक्क जाईल, ही भीती. तसं होणार नाही असं सांगूनही लोकांचा विश्वास बसेना. कागदावर एकदा गाव सुटलं की सुटलं, हे आपल्याकडच्या माणसालाही वेगळं सांगावं लागत नाही. दुसरं असं की इथं खासदार प्रांतावर निवडले जातात. पत्ता अंकाराला आणला की मत अंकाराच्या खासदारांना. ज्याचं घर अंताक्यात (हातायचं मुख्य शहर) पडलंय त्याला अंताक्याच्या प्रतिनिधीला जाब विचारायचाय, अंकाराच्या नाही. आणि तिसरं कारण साधं आहे. मार्चमध्ये माणसं अजून मृतदेह शोधत होती, अर्ज कोण भरतो?

म्हणून मतदानाच्या आदल्या दिवशी उलटा प्रवास झाला. पक्षांनी आणि संस्थांनी बस केल्या, लोक रात्रभर प्रवास करून गावी गेले, मत टाकून परत निघाले. यात म्हातारी, आजारी आणि अंगावरच्या लेकराची आई मागे राहते. आणि अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीसाठी 28 मेला हे सगळं पुन्हा. अशी वेळ आली तर पहिली गोष्ट करायला हवी ती ही: विस्थापिताला जिथं आहे तिथं बसून मूळ गावाचं मत देता यावं. त्यासाठी वेगळी पेटी आणि वेगळी मतपत्रिका लागते. परदेशातले तुर्क वकिलातीत मत देतात, त्यामुळे ही गोष्ट अशक्य नव्हती, पण मुदतीत कायदा बदलला गेला नाही.

यादीतली दुसरी खोट मृतांची. ज्याचा मृत्यू नोंदला गेला त्याचं नाव निघतं. पण अनेकांना ओळख न पटता नुसत्या क्रमांकाने पुरलं, नातेवाइकांनी डीएनएचे नमुने दिले आणि उत्तराची वाट बघत बसले. बेपत्ता माणूस कागदावर जिवंत असतो. त्याच्या नावावर दुसऱ्याने मत टाकायची शंका त्यातून येते. ती शंका दूर करायला यादी भिंतीवर लावून लोकांकडून तपासून घेतात, पण मुहतारचं (हा मोहल्ल्याचा निवडून आलेला मुखिया, आपल्या पोलीस पाटलाच्या जवळचा) कार्यालयच पडलं असेल आणि मोहल्ल्यात माणूसच नसेल, तर यादी वाचणार कोण?

केंद्रांचं काम त्यामानाने सोपं निघालं. शाळा पडल्या होत्या तिथे आवारात कंटेनर आणि तंबू टाकले. पेटीपाशी इथं सात जणांची समिती असते: अध्यक्ष, एक सरकारी नोकर आणि पक्षांचे पाच जण. मतमोजणी तिथल्या तिथे होते आणि सहीशिक्क्याच्या तक्त्याची प्रत पक्षांना मिळते. पेटीवर माणूस बसवता आला तर फेरफार अवघड, नाही बसवता आला तर सगळं देवाच्या हवाली. पंचाईत ही की अध्यक्ष आणि सरकारी नोकर हे बहुतेक शिक्षक असतात, आणि शिक्षकही मेले किंवा गाव सोडून गेले. तेव्हा कंटेनरच्या आधी माणसांची यादी करायला हवी.

एक गोष्ट मात्र शहाणपणाची झाली. प्रांताच्या खासदारांची संख्या 2022 अखेरच्या लोकसंख्येवरून ठरली. त्यामुळे माणसं निघून गेली म्हणून हातायच्या 11 किंवा आद्यामानच्या 5 जागा कमी झाल्या नाहीत. आपत्तीनंतरची शिरगणती धरली असती तर ज्यांना मदत हवी त्यांचाच आवाज घटला असता.

मतदान देशभर सुमारे 87 टक्के झालं आणि भूकंपाच्या बहुतेक प्रांतांतही 80 च्या वर गेलं. पण हे आकडे हुरळून वाचू नका. यादीत बेपत्ता माणसं आहेत, आणि टक्केवारी सांगत नाही की मत टाकायला कोणाला किती खर्च आला.

आता "तेवढेच प्रांत मागे ठेवायचे" हा तुम्ही फोनवर सुचवलेला तोडगा. मतदारसंघवार जागांच्या निवडणुकीत तो चालतो. 2019 मध्ये फनी वादळामुळे ओडिशातल्या पाटकुरा या एकाच मतदारसंघाचं मतदान जुलैपर्यंत मागे ठेवलं, बाकीच्या राज्याचं काही अडलं नाही. 1970 च्या नोव्हेंबरात पूर्व पाकिस्तानला भोला वादळाने धुऊन नेलं. 7 डिसेंबरला मतदान झालं आणि वादळग्रस्त मतदारसंघांचं 17 जानेवारी 1971 ला. पण अध्यक्ष निवडताना देशभरची मतं एकाच बेरजेत जातात. भूकंपाच्या अकरा प्रांतांत नव्वद लाखांच्या घरात मतदार. ते मागे ठेवले तर निकाल अडकतो, आणि उरलेल्यांना बाकी देशाचं मत कळल्यावर मत द्यावं लागतं. ते कुणालाच मान्य होणार नाही.

थांबल्याने हमखास सुधारतं असंही नाही. हैतीत 12 जानेवारी 2010 ला भूकंप झाला, 28 फेब्रुवारीचं मतदान रद्द करून 28 नोव्हेंबरला घेतलं. दरम्यान मे महिन्यात खालच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुनर्बांधणीचे निर्णय संसदेविनाच होऊ लागले. दहा महिन्यांनीही लाखो लोक तंबूत, यादीत मृतांची नावं तशीच, वर ऑक्टोबरात कॉलऱ्याची साथ. मतदान झालं चौथा हिस्सासुद्धा नाही, आणि त्याच दुपारी बहुतेक उमेदवारांनी निवडणूक रद्द करा म्हणून पत्रक काढलं. दहा महिने मिळाले, पण यादीचं काम झालं नाही. उलट टोक ब्रह्मदेशचं. नर्गिस वादळ 2 मे 2008 चं, घटनेवरचं सार्वमत 10 मेला, बुडालेल्या भागात 24 मेला. तिथं तर सरकारला लोकांची खरी हजेरी नकोच होती.

माझं मत विचाराल तर मुदत संपत आली असेल तेव्हा निवडणूक घ्यावी. ज्या सरकारने मदत दिली किंवा दिली नाही, त्याला लोकांसमोर जायला लागलं पाहिजे. मात्र मदत वाटणारा आणि मत मागणारा एकच माणूस असतो, त्यावर नजर हवी. वर्षात 3 लाख 19 हजार घरं देऊ ही घोषणा प्रचाराच्याच दिवसांतली.

आपल्याकडे पूर-भूकंपासाठी दोन कलमं आहेत, ग्रामपंचायतीत कोणी वाद घातला तर सांगा. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 57: नैसर्गिक आपत्तीने केंद्रावर मतदान होऊ शकलं नाही तर केंद्राध्यक्षच ते तहकूब करतो. आणि 1950 च्या कायद्याचं कलम 20: तात्पुरतं गाव सोडलं म्हणून तिथलं नाव जात नाही. म्हणजे छावणीत किंवा लेकीकडे पुण्याला महिनाभर राहिलं तर काहीही करायचं नाही, फॉर्म 7 ने कोणी नाव वगळायला निघालं तर हरकत घ्यायची. कायमचं हललात तरच पत्ता बदलायचा फॉर्म 8. आणि तो निवडणूक जाहीर व्हायची वाट न बघता भरायचा, कारण उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत बदल होत नाही.

काकूंचं नाव अजून माहेरच्या यादीत आहे ना? औशाला गेलात की बीएलओकडून (केंद्राची मतदार यादी सांभाळणारा अधिकारी) तेवढं बघून घ्या.

आपला,
दिनू