मागावरच्या बिऱ्हाडांसाठी आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका यांस,

स. न. वि. वि.

18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आवारातच राहणाऱ्या मालकाच्या कुटुंबासह आठ जण गेले. मी पूर्व भागात वायरिंगची कामं करतो. खाली माग आणि वर बिऱ्हाड, अशी घरं इथे अजूनही आहेत. लोक आता आपणहून अलार्म मागतात, पण कुठला घ्यायचा हे त्यांना कुणी सांगत नाही.

धुराच्या अलार्मला वीज अगदी थोडी लागते. नऊ व्होल्टच्या साध्या बॅटरीवर तो वर्षभर निघतो, सीलबंद लिथियमवाला दहा वर्षांपर्यंत. आणि तो बॅटरीवरचाच हवा, कारण शॉर्टसर्किट झालं की घरातली वीज आधी जाते. सूत, गाद्या लगेच पेटत नाहीत, बराच वेळ धुमसतात. तो धूर फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे आतल्या प्रकाशाच्या किरणाने धूर ओळखणारा, अलार्म लवकर पकडतो. मागाच्या खोलीत मात्र तो लावू नये. रुईचे तंतू आत शिरतात, अलार्म उगाच वाजत राहतो आणि शेवटी कुणीतरी वैतागून बॅटरीच काढतं. तिथे उष्णतेवर चालणारा डिटेक्टर लावावा, धुराचा जिन्याच्या माथ्यावर, झोपायच्या खोलीबाहेर.

गॅसचं वेगळं. घरगुती डिटेक्टरमधला सेन्सर बहुधा सतत तापता ठेवावा लागतो, म्हणून तो प्लगवर चालतो, साध्या सेलवर टिकत नाही. वीज गेली की बंद. त्याला बॅटरी बॅकअप हवाच. एका घरी तो ओट्याच्या वर, मिक्सरच्या प्लगात होता. वाटण करताना काढायचे, पुन्हा लावायचं राहून जायचं. शिवाय सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली फरशीलगत पसरतो. डिटेक्टर फरशीपासून फूटभरावर पाहिजे.

साहेब, एवढी माहिती एका पानावर मावते. अग्निशमन दलाने ती मराठीत आणि तेलुगूत छापून मिळकतकराच्या बिलासोबत घरोघरी द्यावी. मागाच्या घरांना सीलबंद बॅटरीचे अलार्म पालिकेने एकगठ्ठा घेऊन खरेदीच्या दरात द्यावेत. 2006 च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतींतल्या यंत्रणेचे दाखले जानेवारी आणि जुलैत द्यावे लागतात. त्याच दोन महिन्यांत जवानांनी आमच्या गल्ल्यांतही यावं आणि प्रत्येक अलार्मचं टेस्टचं बटण दाबून पाहावं. सोबत घरं दाखवायला आम्ही वायरमन येऊ.

आपला,
पूर्व भागातला एक वायरमन