खेळाला दोन डोकी कमी पडली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतली 'सुट्टीत मुलांसोबत काय पाहाल, काय वाचाल' ही यादी वाचली. एकदा नाही, तीनदा वाचली. माझी दोन नातवंडं पुण्याहून आली आहेत आणि दुपारी बारा ते सहा त्यांचं करायचं काय, हा आमच्या घरात सध्या पाण्याच्या टँकरपेक्षा मोठा प्रश्न आहे. तेव्हा यादी छापल्याबद्दल आधी आभार. आता पुढचं.

यादी केली कोणी? खाली नाव नाही म्हणून विचारते. ज्यांनी केली ते मे महिन्यात नागपूरला कधी उतरलेले नसावेत. 'दुपारी चारच्या सुमारास अंगणात झाडाखाली चटई टाका आणि मुलांना गोष्ट वाचून दाखवा', असं त्या चौकटीत लिहिलंय. महोदय, चार वाजता आमच्या अंगणात कुत्रंसुद्धा नळाखालच्या ओलीत पाय पसरून पडलेलं असतं. आम्ही वाचतो ते कूलरसमोर. त्याच्या घरघरीतून पोरांना ऐकू जावं म्हणून इतक्या मोठ्यानं वाचावं लागतं, की परवा शेजारच्या काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, "अहो, त्या कोल्ह्याचं पुढे काय झालं? तुम्ही मधेच थांबलात." त्याच चौकटीत '15 जूनला शाळा उघडण्याआधी ही यादी संपवा' असाही सल्ला आहे. उन्हापायी विदर्भातल्या शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात, हे नागपूर आवृत्तीतच छापून यायचं राहिलं. असो. तेवढे दिवस आम्ही दुसरं काहीतरी वाचू.

सिनेमे दहा. त्यातला मराठी एक, आणि बहुतेक सगळे महिन्याचे पैसे भरून घरी पाहायचे. वर ठळक अक्षरांत 'सहकुटुंब'. यातला चौथ्या नंबरचा मी काल दुपारी भरवशानं लावून दिला आणि भाजी निवडायला बसले. सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडता निवडता मान वर केली तर पडद्याच्या कोपऱ्यात यूए 16+, म्हणजे सोळाच्या आतल्यांनी आईबापांच्या देखरेखीतच पाहायचा. नातू नऊ वर्षांचा आहे. नोव्हेंबर 2024 पासून सेन्सॉरनं यूएचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग केले, ते आईबापांना सोपं जावं म्हणूनच ना? मग दहा नावांपुढे दहा आकडे टाकायला किती जागा लागली असती? रोज सोन्याचा भाव दोन-दोन ठिकाणी छापता.

पण पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही. यादीखाली एक ओळ आहे: 'मराठीत मुलांसाठी चांगले चित्रपट येतच नाहीत, ही खंत आहेच.' ही ओळ वाचली आणि चहा गार झाला तरी माझं डोकं गार झालं नाही.

2023 ची दिवाळी. 'नाळ'चा दुसरा भाग लागला होता. पहिला आमच्या घरी सगळ्यांनी पाहिलेला, आणि त्यातली भाषा आपल्याकडची, त्यामुळे पोट्टे नुसते उड्या मारत होते. मी, शेजारच्या काकू, माझी दोन नातवंडं आणि गल्लीतली चार, अशी आठ माणसं दोन ऑटो करून एका मॉलमध्ये गेलो. मॉलचं नाव लिहीत नाही, तुम्ही तरी कुठे छापाल. अख्ख्या दिवसात एकच खेळ, सकाळी सव्वादहाचा. दिवाळीच्या सुट्टीत घरातलं सगळं आवरून, आठ जणांना आंघोळ-फराळ घालून सव्वादहाला पोचवणं म्हणजे काय, हे वेळ ठरवणाऱ्याच्या आईला विचारा.

खिडकीवरच्या मुलानं कॉम्प्युटरात पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, शो होणार नाही. मिनिमम दहा तिकिटं लागतात. तुम्ही आठच आहात."

मी म्हटलं, "मग दोन जास्तीची दे. रिकाम्या खुर्च्यांचे पैसे मी भरते."

तो गोंधळला. आत जाऊन विचारून आला. "नाही मॅडम, सर म्हणतात माणसं पाहिजेत."

आता सांगा, खुर्चीला काय कळतं बसलेला कोण आहे? पण मीही हट्टाला पेटले. ऑटोवाले खाली अजून उभेच होते, दुसऱ्या भाड्याची वाट पाहत. सरकत्या जिन्यानं खाली उतरले आणि दोघांना म्हटलं, "भाऊ, चला सिनेमाला. तिकीट माझं." एकानं विचारलं, कोणता? मी सांगितलं, लहान पोरांचा आहे. तो हसला, "चालते ना काकू, बसाले तर भेटते." दुसरा आधी 'नाही, नाही' म्हणाला, मग तोही चावी काढून निघाला. दहा झालो! वर आलो तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं. खिडकीवरचा मुलगा खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, तो शो आता सिस्टममधून निघून गेला." त्या पडद्यावर मारधाडीच्या एका हिंदी सिनेमाचा जादा खेळ लावून झाला होता.

काकूंनी खिडकीवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतरचा तासभर पोरं सरकत्या जिन्यावर वर-खाली करत होती. त्यांना तेही आवडलं, हे त्यातल्या त्यात वाईट. ऑटोवाल्यांनी परतीचं भाडं पूर्ण घेतलं, आणि घेणारच. त्यांची दिवाळी का बुडवावी. घरी आल्यावर धाकट्यानं विचारलं, "आजी, आपण अजून दोन जण का नव्हतो?" मी त्याला चकली दिली.

आणि मग सप्टेंबर 2025. त्याच सिनेमाला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. साडी नेसून राष्ट्रपतींकडून पदक घेणाऱ्या त्यातल्या बालकलाकार चिमुरडीचा फोटो तुमच्या पहिल्या पानावर, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, दूधवाल्याच्या स्टेटसवर. ज्या मॉलमध्ये आम्हाला बसू दिलं नाही त्याच्याही जाहिरातीत 'अभिमान' वगैरे. 'येत नाहीत' म्हणे! येतात हो. सव्वादहाला येतात आणि दहा-बाराला जातात. सरकारनं मुलांच्या सिनेमासाठी 1955 साली बालचित्र समिती काढली, ती 2022 मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन केली. ते तर सोडाच, पण आठवड्याला दुपारी तीनचा एक खेळ मुलांच्या सिनेमाला राखून ठेवा, एवढं तरी तुमच्या पेपरनं एखाद्या अग्रलेखात म्हणावं. तीन वाजता आम्ही तसेही बाहेर फिरू शकत नाही, आणि तिथे एसी असतो. व्हरायटी चौकाला ज्या थेटराचं नाव पडलं, तिथे आमच्या लहानपणी शाळेची रांग जायची, बाई शिट्टी वाजवायच्या, तसं पुन्हा होईल अशी माझी अपेक्षा नाही. मला फक्त दहाच्या जागी आठ चालायला हवेत.

आता पुस्तकं. यादीत दहा, त्यातली मराठी तीन. तिन्हींची नावं लिहून घेऊन बर्डीच्या बाजारात गेले. पहिल्या दुकानात एक नाही, दुसऱ्यात 'संपलं', तिसऱ्यात दुकानदार म्हणाला, "काकू, ऑर्डर टाकावी लागते, आठ-दहा दिवस धरा." त्याचा दोष नाही. आपण मागत नाही, तो ठेवत नाही. पण यादी करणाऱ्यानं ज्या गावासाठी यादी छापतोय त्या गावात ते पुस्तक मिळतं का, एवढा एक फोन करायला हरकत नव्हती. आणि जे फुकट मिळतं त्याचा पत्ताच नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. माझ्या नातीला त्यात तिच्या बाबाच्या शाळेच्या वर्षातला अंक सापडला. चित्रं पाहून म्हणाली, "बाबाच्या वेळी सगळ्यांचे केस असेच होते का?" त्यावर दोन दुपारी निघाल्या.

परदेशी पुस्तकांत तुम्ही 'जंगल बुक' घातलंय. उत्तम केलं. पण पुढे लिहिलंय, 'दूरच्या, अद्भुत जंगलाची सफर'. दूरच्या? किप्लिंगचं ते पुस्तक 1894 चं, आणि त्यातलं जंगल मध्य प्रदेशातल्या शिवनीचं. नागपूरहून जबलपूर रस्ता धरा, मनसर, देवलापार, खवासा, की सव्वाशे-एक किलोमीटरवर शिवनी. मोगलीच्या गोष्टीतली नदी वैनगंगा आहे, आपल्या भंडाऱ्यावरून वाहते तीच. आम्ही परवा जुना शालेय नकाशा फरशीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार आंबे ठेवले आणि नातीनं पेन्सिलनं नदी काढली: पेंच कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. मग तिच्या लक्षात आलं की आपल्या नळाला पेंचचं पाणी येतं. "म्हणजे मोगली आपल्याच नळाचं पाणी प्यायचा?" मी हो म्हटलं. अगदी तसं नाही, पण मे महिन्यातल्या दुपारी भूगोल इतपत सैल चालतो. नंतर तिनं ग्लासात उरलेलं पाणी बेसिनमध्ये न ओतता तुळशीला घातलं.

यादी मुंबईतच झाली असणार, तेव्हा 'दूरच्या' हा शब्द मुंबईला कळवून तेवढा काढायला सांगा. प्रकाश आमट्यांच्या हेमलकशाच्या प्राण्यांवरचं विलास मनोहरांचं 'नेगल' हे पुस्तक याच विदर्भातलं, गडचिरोलीतलं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला बिबट्या आणि अस्वल घरात कसे राहतात हे वाचायला मिळालं तर तो मोबाइल स्वतःहून उलटा ठेवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेही तुमच्या यादीत नाही.

जाता जाता एक, नाहीतर रात्री झोप येणार नाही. ज्या पानावर वरच्या अर्ध्यात 'सुट्टीचा आनंद लुटा' आहे, त्याच पानाच्या खालच्या अर्ध्यात एका शिकवणीवर्गाची रंगीत जाहिरात: 'सहावीपासूनच पाया घट्ट करा, सुट्टी वाया घालवू नका'. माझा नातू सहावीत जायला दोन वर्षं आहेत, तरी त्यानं ती मोठ्यानं वाचली आणि पान घडी करून खालचा अर्धा भाग आत दुमडला. जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही, मला माहीत आहे. मी वीज मंडळात बत्तीस वर्षं हिशेब केलेत. पण घडी नेमकी मधोमध पडेल असं तरी पान लावत जा.

कळावे,
आपली जुनी वाचक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर

(नाव छापू नये. सून हाच पेपर वाचते आणि चकलीची गोष्ट तिला माहीत नाही.)

ता. क. बालपानावरच्या शब्दकोड्याची शेवटची उभी ओळ दोन रविवार झाले छपाईत कापली जाते आहे. मागच्या आठवड्यात आम्ही अकरा नंबरवर 'घुबड' लिहिलं. बरोबर होतं की नाही, कृपया कळवावे. दोन नातवंडांत त्यावर आठ आण्यांची पैज लागली आहे, आणि आठ आण्याचं नाणं शोधायचं काम माझ्याकडे आलंय.